मागच्या शेडपर्यंतची लाईन

११ जानेवारी

चि. मुंगी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच बाजूला ठेवशील, म्हणून कामाचं पहिल्या ओळीतच लिहितो. रविवारी तू आईशी बोलतेस, तेव्हा तिला तुझा चेहरा नीट दिसायचा असेल तर नेट किती वेगाचं लागेल, तेवढं कळव. (न उघडताच ठेवलंस तर पहिली ओळ तरी कशी वाचणार, हे लिहून झाल्यावर लक्षात आलं. असो.) मला फोन करायची गरज नाही. पोस्टकार्ड चालेल.

विचारायचं कारण असं की गेल्या रविवारी तुझी आई पडली. घाबरू नकोस, मोडलं काही नाही. आपल्या घरात आणि मागच्या उतारावर मोबाईलला रेंज नाही, हे तुला ठाऊक आहेच. तुझा फोन घ्यायला ती दर रविवारी सकाळी मागच्या शेडमधून निघते, सगळा उतार चढते, घराच्या कडेकडेने फाटकाबाहेर पडते आणि वळणावरच्या मैलाच्या दगडापाशी जाऊन उभी राहते. त्या दिवशी अर्ध्या उतारावर गुडघा वळला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं तेव्हा ती गवतात बसलेली होती. मला वाटलं, दम खातेय. वीस मिनिटांनी डोक्यात उजेड पडला की हिला उठता येत नाहीये. धावत गेलो, तर म्हणाली, "फोन वाजून गेला." पायाबद्दल अक्षर नाही.

तू म्हणशील, घरात नेट आहे, तिथे बसून का बोलत नाही. मीही तेच म्हटलं. नको म्हणते. हल्ली ती शेडमध्येच असते. तिथे उजेड चांगला आहे, आणि मुलांच्या मासिकासाठी ती गणिताची कोडी तयार करते, त्याला शांतता लागते. तिथे पलंग टाकलाय, शेगडी आहे, दिवा-पंखा आहे. शेड तुला आठवत असेल, आधीच्या मालकाच्या कोंबड्यांची, नंतर माझ्या तारांच्या रिळांची. आता ओळखू येणार नाही.

तर मी ठरवलंय की घरातलं नेट शेडपर्यंत न्यायचं. टेप लावून मोजलं, एकशे चाळीस मीटर भरलं. चौतीस वर्षं मी दऱ्याखोऱ्यांतून लोकांच्या घरी फोन पोचवले, हे तर माझ्या हातचा मळ आहे.

जुनं उकरायचं नाही. त्या वेळी आपली लाईन नादुरुस्त होती, ते घडायचं होतं, घडलं. तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालतो.

तुझे बाबा


२ फेब्रुवारी

चि. मुंगी,

पोस्टकार्ड आलं नाही. पोस्टाला दोष देत नाही. मी स्वतः त्याच खात्याच्या शेजारच्या इमारतीत आयुष्य काढलंय.

आधी सोपे उपाय करून पाहिले. बाजारात नेटच्या सामानाचं एक दुकान आहे. ते चालवणाऱ्या बाईंचा चष्मा कायम डोक्यावर असतो आणि त्या तो कायम शोधत असतात. त्यांनी खिडकीत लावायची एक डबी दिली, सिग्नल पुढे ढकलणारी. तिने तो पाण्याच्या टाकीपर्यंत ढकलला, म्हणजे निम्म्या वाटेपर्यंत. मग समोरासमोर लावायच्या दोन छोट्या थाळ्या आणल्या. एक घराच्या गच्चीवर, एक शेडवर. पण मधलं ते मोठं झाड आडवं येतं. थाळ्यांना एकमेकींचं तोंड दिसायला हवं, नाहीतर बोलत नाहीत. (घरोघरी हीच तऱ्हा.) मी दोन फांद्या उतरवायचं ठरवलं आणि शिडी लावली, तर संध्याकाळी टाकीवर चिठ्ठी, वर दगड: "झाड तोडले जाऊ नये."

हे चिठ्ठ्यांचं सांगायला हवं. आईला मला काही कळवायचं असलं की ती चौकटीच्या वहीचा कागद फाडून त्यावर लिहिते आणि टाकीवर ठेवते. "डबा पाठवला जाऊ नये. स्वयंपाक करता येतो." "गुडघ्याला पट्टा बांधला आहे. चौकशीची आवश्यकता नाही." तुझ्या आईने गेल्या दहा महिन्यांत मला उद्देशून एक वाक्य कर्तरी प्रयोगात केलेलं नाही. 'तुम्ही' लिहावं लागू नये म्हणून ती सगळं व्याकरण वळणावळणाने नेते. मास्तरीण आहे, चुकत मात्र कुठे नाही.

तेव्हा शेडमध्ये उजेड चांगला आहे म्हणून ती तिथे राहते, हे मी मागच्या पत्रात लिहिलं ते तितकं खरं नाही. उजेड घरातही बरा आहे. गेल्या वर्षी मार्चमध्ये एका रविवारी तू तिला फोनवर म्हणालीस, "मी अकरा दिवस रोज करत होते, तुम्ही उचलला नाहीत." ती तिथून तशीच बेकरीवाल्या वहिनींकडे गेली आणि बारा वर्षांपूर्वीचं विचारलं. ते साल त्यांना पक्कं लक्षात होतं, कारण त्याच महिन्यात त्यांच्या लेकीचं ठरलं होतं आणि घरात फोनवर फोन होते. "आमचा तर चालू होता की," त्या म्हणाल्या. आपल्या खांबावरचीच लाईन त्यांची.

मी तुझ्या आईला तेव्हा सांगितलं होतं की साऱ्या भागाची केबल तुटली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पलंग ओढत शेडमध्ये नेला. मी एक बाजू धरायला गेलो तर थांबली आणि मी हात काढेपर्यंत थांबून राहिली. बाकी पुढच्या पत्रात.

बाबा


२७ फेब्रुवारी

चि. मुंगी,

हवेतून जमत नाही म्हटल्यावर जमिनीतून. घराच्या भिंतीपासून शेडच्या दारापर्यंत दीड फूट खोल चर खणला, त्यात नळी टाकायची आणि नळीतून तार. खणायला माणूस लावला नाही. रोज सकाळी आठ-नऊ मीटर होतात, नंतर पाठ बोलायला लागते. सतरा दिवस लागले. झाडाच्या मुळांना वळसा घातला, त्यात चार मीटर वाढले. आईचा कागद आला: "मुळे वाचली हे पाहिले." त्याचा मी धन्यवाद असा अर्थ घेतला.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट. दुकानातल्या बाईंनी तार घेतानाच बजावलं होतं.

"किती लांब म्हणालात?"

"एकशे चव्वेचाळीस."

"मग तांब्याची तार नका नेऊ. नेटची तार शंभर मीटरच्या पुढे दगा देते. फायबर न्या."

"बाई, मी तांब्यावरून पाच-पाच किलोमीटर माणसांना बोलवलंय."

"माणसांचं वेगळं असतं, काका. माणूस अर्धा शब्द ऐकून पुढचं समजून घेतो. यंत्राला अख्खा शब्द लागतो."

मी तांब्याचीच नेली. त्या काचेच्या धाग्यावर माझा भरवसा नव्हता. खरं तर तो जोडायचा कसा ते मला येत नव्हतं, आणि त्या वयाने माझ्या मुलीएवढ्या बाईला तसं सांगायची लाज वाटली. तार ओढली, दोन्ही टोकं जोडली. शेडमधल्या डबीवर दिवा लागला, तीनदा लुकलुकला आणि विझला. पुन्हा जोडलं, पुन्हा तेच. दोन दिवस मी टोकं कापत आणि जोडत बसलो. तुझी आई खुर्चीवर कोडी रचत बसली होती. पाठमोरी. एकदा फक्त स्वतःशी म्हणाली, "एकशे चव्वेचाळीस, शंभरपेक्षा जास्त."

सोमवारी दुकानात गेलो. बाईंनी मागच्या फळीवरून फायबरचं वेटोळं काढून समोर ठेवलं. दोनशे मीटर, दोन्ही टोकं तयार करून आलेली, काही जोडायला नको. "हे मी तुमच्यासाठी गेल्याच आठवड्यात मागवून ठेवलं होतं," म्हणाल्या.

तुझं पत्र नाही. मी विचारत नाहीये, कळवतोय.

बाबा


९ मार्च

मुंगी,

आज फायबर ओढली. ही ओढायला दोन माणसं लागतात. तांब्याची तार नळीत होतीच, तिच्या टोकाला फायबर बांधायची, खालून एकाने तांबं ओढून घ्यायचं आणि वरून दुसऱ्याने फायबर हलक्या हाताने सोडत राहायचं. जोरात झटका बसला की आतली काच तडकते. मी चिठ्ठी लिहून टाकीवर ठेवली की दुसरं माणूस कोण मिळेल ते बघतो. तासाभराने उत्तर आलं: "खालचे टोक धरले जाईल. इकडचा आवाज तिकडे येत नाही, तेव्हा खुणा तारेवरून. एक हिसका: थांबावे. दोन: सोडावे. तीन: अपेक्षित नाहीत."

मी घराच्या भिंतीशी गुडघ्यावर बसलो, ती शेडच्या दारात स्टुलावर. मधे झाड, त्यामुळे दिसत कोणी कोणाला नाही. तारेतून दोन हलके हिसके आले. मी सोडायला लागलो. मग एक. थांबलो. बहुतेक ती गुडघा सरळ करत असावी. मग दोन. असं पाऊण तास चाललं. मुंगी, बेचाळीस वर्षांच्या संसारात आम्ही इतका वेळ एकमेकांचं इतकं ऐकून काम केल्याचं मला आठवत नाही. लेकीला असं लिहू नये, पण तू छत्तीस वर्षांची आहेस.

शेवटी तीन हिसके आले. मी जसा होतो तसा खाली पळालो. ती टोक हातात घेऊन बसली होती. "आली," म्हणाली. मग माझ्या तळहातांकडे पाहून, "तुम्ही हात सोलून घेतलेत." आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

मी पायरीवर बसलो. तिने नळीतून निघालेलं तांबं जवळ ओढलं. मग तार गुंडाळत म्हणाली, "रोज संध्याकाळी तुम्ही माझ्यादेखत रिसीव्हर उचलायचात, कानाला लावायचात आणि म्हणायचात, अजून मेलेलीच आहे. मी त्यावर तुमच्यासाठी चहा टाकायचे."

मी म्हटलं, "हो."

"का केलंत?"

हे मी तुलाही सांगायला हवं, तर तिला जे सांगितलं तेच लिहितो. तू माझं न ऐकता गेलीस, त्या माणसाबरोबर संसार मांडलास. मी म्हटलं होतं, पुन्हा फोन करू नकोस. तू करत राहिलीस. मला नाही, तिला. तुझा फोन ठेवला की ती रात्रीपर्यंत गप्प बसायची, ताटातलं ताटात. मला वाटलं, आठ-दहा दिवस बंद राहिला तर दोघींची सवय मोडेल. खांबावर चढलो, पेटी उघडली आणि आपल्या घराच्या तारांची जोडी सोडवून ठेवली. दोन मिनिटांचं काम. लोकांच्या लाईनी जोडल्या म्हणून खात्याने मला शाल दिली होती, ती त्याच वर्षी.

आईने ऐकून घेतलं. म्हणाली, "ती दवाखान्यात आहे, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. तेवढ्या एका गोष्टीवर मी अजून या आवारात आहे."

मी पाणी प्यायलो आणि वर आलो.

बाबा


१६ मार्च

मुंगी,

नेट लागलं, हे तुला माहीत आहे. आज सकाळी दहा वाजता तू आईला दिसलीस आणि ती तुला. मी घरात होतो. आवाज इथवर येत नाही. घरातल्या डबीवर एक हिरवा दिवा आहे, काही जात-येत असलं की तो लुकलुकतो. एक तास दहा मिनिटं तो लुकलुकत होता.

दुपारी स्वयंपाकघराच्या दारात काठीचा आवाज झाला. वर्षभरात पहिल्यांदा ती घराच्या दाराशी आली होती. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. चेहरा उन्हातून आल्यासारखा. "बारीक झालीये," म्हणाली. "केस कापलेत. छान दिसतात." मग म्हणाली, "तिने विचारलं, बाबांना तेव्हा ठाऊक होतं का. मी सांगितलं, नव्हतं. म्हटलं, एवढं मी त्यांना ओळखते."

गॅसवर पाणी उकळत होतं. मी ते बंद केलं.

माझ्यासाठी तिने तुझ्याशी खोटं बोलावं आणि ते खोटं आहे हे तिला माहीतही नसावं, हे मला झेपलं नाही. मी तिला सांगितलं. आता तुला सांगतो.

आपला भाग माझ्याकडे होता. लाईन बंद असल्याच्या तक्रारी एक्स्चेंजमध्ये नोंदल्या जायच्या आणि त्यांच्या चिठ्ठ्या रोज सकाळी माझ्या हातात यायच्या. नवव्या दिवशी सकाळी साडेनऊला मला आपल्याच घरच्या नंबराची चिठ्ठी मिळाली. "लाईन बंद. बाहेरगावच्या दवाखान्यातून विचारणा. मुलगी दाखल. तातडीचे." ऑपरेटरबाईंनी 'तातडीचे' खाली दोन रेघा मारल्या होत्या. मी ती घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली.

मला तेव्हा वाटलं, ही तुझी युक्ती आहे, आईला बोलावून घ्यायची. हे मी बारा वर्षं स्वतःला सांगत आलोय. पण युक्तीच वाटली असती तर मी ती चिठ्ठी फाडली असती. मी ती पुन्हा पुन्हा काढून वाचत होतो. खरं एवढंच, की लाईन तेव्हाच जोडली असती तर ती आधी तोडली कोणी, हे उघडं पडलं असतं. अकराव्या दिवशी रात्री जोडली. तोवर तू फोन करणं सोडलं होतंस. बाळ दहाव्या दिवशी गेलं होतं.

आई पोचली असती तर बाळ वाचलं असतं, असं कोणी म्हणणार नाही. पण तुझा नवरा कामावर परमुलखात होता आणि तू त्या खोलीत एकटी होतीस. ती पोचली असती. नवव्या दिवशी दुपारची गाडी होती.

तुझ्या आईने सगळं उभ्यानेच ऐकलं. विचारलं, "किती वाजता मिळाली म्हणालात?"

"साडेनऊ. सकाळी."

तिने बोटं नाही वापरली, पण ती मोजत होती हे दिसत होतं. "नवव्या दिवशी दुपारी, संध्याकाळी. दहाव्या दिवशी दुपारी, संध्याकाळी. चार वेळा जेवलात माझ्यासमोर बसून. आणि खिशात ते."

मग ती उतरून गेली. काठी टेकत, फार हळू. मी चार पावलं मागे गेलो. धरलं नाही. धरू दिलं नसतं, आणि मला तोंडही नव्हतं.

आधीच्या पत्रांत जिथे जिथे मी हे लपवलं, तिथे हे धरून वाच.


२८ एप्रिल

मुंगी,

सहा आठवडे टाकीवर कागद नव्हता. मी रोज सकाळी जाऊन बघत असे. दगड तसाच.

दर रविवारी दहाला दिवा लुकलुकायचा, त्यावरून तुम्ही बोलताय एवढं कळायचं. एकदा सव्वादहापर्यंत काहीच नव्हतं, तर मी खिडकीत जाऊन उभा राहिलो. तिथून झाडाच्या कडेने शेडचं दार दिसतं, ते उघडं होतं, म्हणजे ती ठीक असावी. मग लुकलुकला.

काल कागद मिळाला. पूर्ण पानभर. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन जूनमध्ये ठरलं आहे आणि त्यासाठी तू येणार आहेस. दोन महिने राहशील, शेडमध्ये, ऑफिसचं काम तिथल्याच नेटवरून करशील. माझ्यासाठी दोन अटी. एक, मी टाकीच्या खाली पाऊल टाकायचं नाही. दुसरी जशीच्या तशी उतरवतो: "नेटची मुख्य पेटी घरात असू नये. ज्याच्या घरात पेटी, त्याच्या हातात लाईन, हे एकदा अनुभवले आहे."

तो कागद वाचल्यावर मी काही वेळ तिथेच टाकीला टेकून उभा होतो. एवढा चर खणला, हात सोलले, आणि बंद करायचं बटण आपल्याच बैठकीत ठेवून बसलोय, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. तिच्या आलं.

आज कंपनीचा माणूस बोलावला. उंचच्या उंच, दारातून वाकून येणारा. त्याला सांगितलं, पेटी इथून काढायची आणि मागच्या शेडमध्ये लावायची.

"लोक पेटी बैठकीत मागतात, आजोबा. तुम्ही कोंबड्यांच्या शेडमध्ये?"

"कोंबड्या आता नाहीत. तिथे माझं कुटुंब राहतं."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग घराकडे पाहिलं, आणि पुढे विचारलं नाही. भला माणूस.

फायबरमध्ये दोन धागे आहेत. मी नळी भिंतीपासून रस्त्याच्या खांबापर्यंत आठ मीटर आणखी वाढवून ठेवली होती. त्याने खांबावरच एक धागा कंपनीच्या लाईनला जोडला. केसाएवढी दोन टोकं एका छोट्या यंत्रात समोरासमोर धरतात, आत ठिणगी होते आणि काच एक होते. जोड कुठे होता ते नखालाही कळत नाही. मी चष्मा पुसून पुसून बघत होतो. हे मला शिकायला आवडलं असतं. तर आता लाईन खांबावरून सरळ शेडमध्ये जाते, घराला न शिवता. खाली तो एकटाच गेला, मी टाकीपाशी थांबलो.

"आणि घरात नेट नको?" त्याने वर आल्यावर विचारलं.

"दुसरा धागा आहे ना. खालून वर येईल. त्यांनी सोडलं तर."

"त्या बाईंना विचारलं मी," तो म्हणाला. "म्हणाल्या, लावून द्या." हत्यारं पिशवीत टाकत म्हणाला, "तसं लगेच नाही म्हणाल्या."

कनेक्शनही तिच्या नावावर केलं. यापुढे काही बिघडलं तर तक्रार तिच्या नावाने जाईल आणि माणूस थेट तिच्याकडे येईल. दोन्ही डब्यांत काय कशाला जोडलंय, कुठला दिवा विझला की काय बघायचं, याचं टिपण करून टाकीवर ठेवलंय. तुमचं अडलं तर माझ्यापर्यंत यावं लागू नये, अशा बेताने लिहिलंय.

बाबा


६ जुलै
वरच्या घरातून

मुंगी,

हे पत्र पोस्टात टाकत नाही, टाकीवर ठेवतो. तिकिटाची आता गरज नाही आणि पत्ताही एकशे चव्वेचाळीस मीटरवर आलाय.

तीन आठवडे झाले तुला येऊन. तू आल्याचं मला बॅगेच्या चाकांवरून कळलं. घराच्या कडेच्या वाटेने ती खडखडत गेली, थांबली नाही. मी आत होतो, अटीप्रमाणे.

सकाळी तू आईला धरून झाडापर्यंत चालवतेस आणि मोठ्याने पावलं मोजतेस, ते खिडकीतून दिसतं. ती मधेच थांबून तुझी मोजणी दुरुस्त करते, तेही दिसतं. खिडकीतून बघू नये अशी अट नव्हती. घालायची असेल तर कळव, पडदा लावतो. गुरुवारी तू एकदा वर पाहिलंस. मी मागे सरकलो नाही आणि हातही केला नाही. काय करावं ते कळलं नाही.

तू माझी सगळी पत्रं सोबत आणली आहेस, असं आईच्या कागदावर होतं. उघडलेली की न उघडलेली, ते तिने लिहिलेलं नाही. मीही विचारलेलं नाही.

आता जे झालं ते सांगतो, कारण तुला ते ठाऊक असेल किंवा नसेलही. बुधवारी सकाळी दहा वाजता इथला हिरवा दिवा गेला. वीज होती. उघड्या दारातून शेडमधला पंखा फिरताना दिसत होता. म्हणजे खाली नेट चालू आणि फक्त वर येणारा धागा बंद. चौतीस वर्षांच्या सवयीने उठलो, पक्कड घेतली. दारापर्यंत गेलो आणि पक्कड परत खुंटीला लावली.

तू बंद केलंस, की आईने, की झाडताना नुसती तार निसटली, यातलं काहीही असू शकतं. मला बघायचं काही नव्हतं, ना बातम्या ना हवामान. माझ्याशी त्या लाईनवरून कोणी बोलतही नाही. तरी मी खुर्ची ओढून डबीसमोर बसलो. जेवण तिथेच केलं. दर थोड्या वेळाने वाटायचं, आता लागेल. मग वाटायचं, मुद्दाम केलंय. मग वाटायचं, माहीतच नसेल त्यांना. सांगावं का? कोणाला सांगणार, टाकीच्या खाली जायचं नाही. एकदा तर उठून बंद डबी कानाला लावली. म्हाताऱ्या माणसाचे चाळे.

गुरुवारी दुपारी चार वाजता दिवा लागला. आपोआप, काही न कळवता.

म्हणजे तीस तास. अकरा दिवसांचे तास किती, ते तुझी आई एका दमात सांगेल. माझी मोजणी तीसपाशीच थांबली, पुढे जाता आलं नाही.

उत्तर नको. दगड ठेवलाय वर, कागद उडायचा नाही.

बाबा